लॅपटॉपच्या अंगातला टॅबलेट: २ जीबीच्या बे ट्रेल यंत्रावर डेबियन

२०१५-१६ च्या सुमारास दहा-बारा हजार रुपयांत ११.६ इंची, पंखा नसलेले, वजनाला हलके लॅपटॉप मिळू लागले होते. त्यातले बरेच आज कपाटात पडून आहेत. आत इंटेलचा अ‍ॅटम झेड३७३५एफ (बे ट्रेल पिढीतला प्रोसेसर), बोर्डावरच कायमची बसवलेली २ जीबी रॅम, ३२ जीबी ईएमएमसी (बोर्डावरच बसवलेली साठवण) आणि ३२ बिटचं विंडोज १०. विंडोजचं मोठं अपडेट त्या ३२ जीबीत मावेनासं झालं की यंत्र बाजूला पडायचं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधारही संपला आणि विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण लागते, म्हणजे ती वाट नाहीच. अशा एका यंत्रावर डेबियन १२ (लिनक्सचं एक वितरण) बसवताना काय काय करावं लागलं, ते इथे लिहितो आहे. लॅपटॉप कोणत्या ब्रँडचा हे महत्त्वाचं नाही. या वर्गातल्या यंत्रांचे बोर्ड एकमेकांचे सख्खे भाऊ आहेत.

कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत, बहुतेक लहान लिपीत टाइप करायची.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की हवी, नाहीतर पुढची सगळी शोधाशोध वाया जाते. हे यंत्र दिसायला लॅपटॉप आहे, पण बोर्ड टॅबलेटचा आहे. नेहमीच्या लॅपटॉपमध्ये वायफाय, साउंड वगैरे पीसीआय किंवा यूएसबीवर असतात आणि त्या मार्गांवरचं प्रत्येक उपकरण विचारलं की आपलं नाव-गाव सांगतं. इथे वायफाय एसडीआयओवर आहे (म्हणजे मेमरी कार्डाच्या मार्गावर), ब्लूटूथ यूएआरटीवर, साउंडची चिप आय-टू-एसवर आणि बॅटरी मोजणारी चिप आय-टू-सीवर. यातली बहुतेक मंडळी स्वतःची ओळख देत नाहीत. बोर्ड बनवणाऱ्याने फर्मवेअरमधल्या (बोर्डावरच्या चिपमध्ये भरलेल्या प्रोग्राममधल्या) एसीपीआय तक्त्यांत, म्हणजे कोणतं उपकरण कुठे आहे याच्या यादीत, जे लिहिलंय त्यावरून कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) अंदाज बांधायचा, आणि ते तक्ते लिहिले गेले विंडोज डोळ्यांसमोर ठेवून. म्हणून इथे एलएसपीसीआय (पीसीआयवरच्या उपकरणांची यादी देणारी कमांड) चालवलं की पाचच ओळी येतात: होस्ट ब्रिज, ग्राफिक्स, यूएसबी, ट्रस्टेड एक्झिक्युशन इंजिन आणि आयएसए ब्रिज. वायफाय नाही, साउंड नाही. ‘कार्डच दिसत नाही, म्हणजे बिघडलंय’ असं समजून लोक इथेच थांबतात. कार्ड ठणठणीत असतं. त्याला शोधायची जागा वेगळी आहे.

विंडोज पुसण्याआधी दोन कामं केली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफाय, साउंड आणि टचपॅड यांच्या ‘हार्डवेअर आयडी’ कागदावर उतरवल्या. वायफायच्या आयडीत व्हीआयडी ०२४सी आणि पीआयडी बी७२३ होतं, म्हणजे रिअलटेकचं आरटीएल८७२३बीएस. साउंडला १०ईसी५६४० होतं, म्हणजे आरटी५६४०. ही दोन नावं हातात असली की निम्मं काम झालं. दुसरं म्हणजे डीआयएसएम कमांडच्या एक्स्पोर्ट-ड्रायव्हर पर्यायाने सगळे विंडोज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर काढून ठेवले. विंडोजची किल्ली फर्मवेअरमध्ये असते, ती कुठे जात नाही. ड्रायव्हर मात्र अशा यंत्रांचे पुढे सापडत नाहीत, आणि परत फिरायची वेळ आली तर त्यांच्यावाचून अडतं.

बायॉसमध्ये फक्त सिक्युअर बूट बंद केलं. या यंत्रांच्या बायॉसमध्ये एक गंमत असते. एरवी लपवलेले शेकडो पर्याय इथे सताड उघडे असतात, त्यांत ‘ओएस इमेज आयडी’ नावाखाली विंडोज की अँड्रॉइड असाही पर्याय असतो. त्याला हात लावायचा नाही. तो बदलला की एसीपीआय तक्ते बदलतात आणि चालणारी उपकरणंही नाहीशी होतात. डिस्प्लेचे पर्याय चुकले तर पडदा काळा होतो आणि मग बायॉसची चिप बाहेरून प्रोग्राम करण्यावाचून गत्यंतर नसतं.

आता पहिला अडथळा. पेनड्राइव्ह तयार केला, लावला, चालू करताना एफ७ दाबत राहिलं (कुठे एस्केप, कुठे डिलीट). बूटच्या यादीत पेनड्राइव्ह नाहीच. चूक दाखवत नाही, इशारा देत नाही, फक्त नाव नाही. इथे लोक पेनड्राइव्ह बदलतात, पोर्ट बदलतात, इमेज चार-चार वेळा उतरवतात. दोष त्यातला कशाचाच नसतो. प्रोसेसर ६४ बिटचा आहे, पण यूईएफआय (बायॉसचा नवा अवतार) फर्मवेअर ३२ बिटचं आहे. बे ट्रेल टॅबलेट २०१३ मध्ये आले तेव्हा त्यांच्यासाठी ‘कनेक्टेड स्टँडबाय’ (पडदा बंद असतानाही नेटला जोडलेलं राहणं) असलेलं ६४ बिटचं विंडोज तयार नव्हतं, आणि विंडोज जितक्या बिटचं, फर्मवेअरही तितक्याच बिटचं लागतं, म्हणून उत्पादकांनी ३२ बिटचं घातलं. असं फर्मवेअर पेनड्राइव्हवर ईएफआय फोल्डरातल्या बूट फोल्डरात ‘बूटआयए३२.ईएफआय’ ही फाइल शोधतं. बहुतेक ६४ बिट वितरणांत तिथे फक्त ‘बूटएक्स६४.ईएफआय’ असते. ती त्याला चालवता येत नाही, म्हणून ते यादीतच घेत नाही. जुना लेगसी मोड या बोर्डांवर मुळातच नाही.

यावर ‘मग ३२ बिटचंच लिनक्स टाका’ असा सल्ला हमखास मिळतो. तो घेऊ नये. क्रोमने लिनक्सवरचा ३२ बिटचा आधार २०१६ मध्येच काढला, उबंटूने १७.१० पासून ३२ बिटची डेस्कटॉप इमेज बंद केली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला ३२ बिटचा इन्स्टॉलरच नाही. २ जीबी रॅमवर ६४ बिटचे प्रोग्राम थोडी जास्त जागा खातात हे खरं, पण ती किंमत परवडते. जून २०१४ च्या ३.१५ कर्नलपासून ‘ईएफआय मिक्स्ड मोड’ आहे: ६४ बिटचा कर्नल ३२ बिटच्या फर्मवेअरशी बोलू शकतो. म्हणजे फक्त ग्रब (कर्नल सुरू करून देणारा प्रोग्राम) ३२ बिटचा हवा, बाकी सगळं ६४ बिटचं.

डेबियन १२ निवडण्याचं कारण हेच. त्याच्या ६४ बिटच्या इमेजमध्ये दोन्ही बूट फाइली असतात आणि जून २०२३ मधल्या या आवृत्तीपासून मुक्त नसलेलं फर्मवेअरही अधिकृत इमेजमध्येच येतं. दीर्घकालीन आधार जून २०२८ पर्यंत आहे. नेटइन्स्ट इमेज (बाकीची पॅकेजं नेटवरून घेणारी) छोटी आहे, १ जीबीचा जुना पेनड्राइव्हही पुरतो.

दुसरं वितरण हवंच असेल तर एक बारकावा. डीडी कमांडने किंवा तशा साधनाने इमेज जशीच्या तशी उतरवली तर पेनड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता राहतो, त्यात फाइल टाकता येत नाही. पेनड्राइव्ह एफएटी३२ करून आयएसओमधल्या फाइली त्यावर कॉपी कराव्यात (रूफसमध्ये आयएसओ मोड) आणि मग बूट फोल्डरात बूटआयए३२.ईएफआय ठेवावी. डेबियनच्या ‘ग्रब-ईएफआय-आयए३२-बिन’ पॅकेजातली ग्रबआयए३२.ईएफआय नाव बदलून चालते, पण तिला आपली कॉन्फिग फाइल ईएफआय/डेबियन या फोल्डरात सापडेल अशी आशा असते. तिथे नसली की काळ्या पडद्यावर नुसतं ‘ग्रब>’ उभं राहतं. घाबरायचं नाही. एलएस टाइप केलं की कंसातली नावं येतात, पेनड्राइव्ह बहुधा एचडी०. मग सेट रूट, लिनक्स आणि पुढे कर्नलचा मार्ग, इनिटआरडी आणि पुढे इनिटआरडीचा (बूटच्या सुरुवातीला कर्नलला लागणाऱ्या फाइलींच्या गठ्ठ्याचा) मार्ग, शेवटी बूट. टॅब दाबला की नावं पूर्ण होतात. ईएमएमसीवर ठेवून घ्यायचा ग्रब मात्र अशा वितरणांत नंतर स्वतः बसवावा लागतो, आणि तेच खरं कटकटीचं काम आहे.

इन्स्टॉल करताना वायफायच्या नादाला लागलो नाही. अँड्रॉइड फोन केबलने जोडला, यूएसबी टेदरिंग सुरू केलं आणि इन्स्टॉलरला तो तारेचं नेटवर्क असल्यासारखा दिसला. यूएसबीची दोनच पोर्ट असतात, एकात पेनड्राइव्ह, दुसऱ्यात फोन. फोन चार्जिंग ओढत राहतो म्हणून लॅपटॉप आधी पूर्ण चार्ज करून, चार्जर लावूनच बसावं.

ईएमएमसी ‘एमएमसीबीएलके’ या नावाने दिसते, शेजारी बूट० आणि बूट१ असे चिमुकले विभाग असतात. त्यांना स्पर्श करायचा नाही. पुढचा क्रमांक ०, १ किंवा २ काहीही असू शकतो आणि मेमरी कार्ड आत असलं तर पुढच्या बूटला बदलूही शकतो. त्यामुळे एफएसटॅबमध्ये (कोणतं विभाजन कुठे जोडायचं ते सांगणाऱ्या फाइलीत) कायम यूयूआयडी, म्हणजे विभाजनाची न बदलणारी ओळख. विभागणी हाताने केली: २५६ एमबीचं ईएफआय विभाजन, उरलेलं सगळं ईएक्सटी४, नोएटाइम पर्यायासह. इन्स्टॉलरच्या आपोआप विभागणीत स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) येतो, तो काढला. ३२ जीबी म्हणजे प्रत्यक्षात २९ जीबीच्या आसपास हातात पडते, त्यातली जागा स्वॅपला देणं परवडत नाही आणि ईएमएमसीची झीज होते ती वेगळीच. डेस्कटॉप म्हणून एलएक्सक्यूटी घेतला. एक्सएफसीईही चालेल. नोम किंवा केडीई या रॅमवर चालतात असं म्हणणारे लोक ब्राउझर उघडत नसावेत.

ग्रबच्या टप्प्यावर ‘रिमूव्हेबल मीडिया मार्गावरही बसवू का’ असा प्रश्न आला तर ‘हो’ म्हणावं. या वर्गातली कित्येक फर्मवेअर बूट-नोंदी नीट सांभाळत नाहीत. त्यांना ठरलेल्या जागी बूटआयए३२.ईएफआय मिळाली की ती समाधानी असतात. प्रश्न आलाच नाही तर बसवून झाल्यावर ग्रब-इन्स्टॉलला टार्गेट आय३८६-ईएफआय, ईएफआय डिरेक्टरी आणि रिमूव्हेबल हे तीन पर्याय देऊन तेच करता येतं. शंका असेल तर /सिस/फर्मवेअर/ईएफआय मधली ‘एफडब्ल्यू_प्लॅटफॉर्म_साइझ’ ही फाइल वाचावी. ३२ आलं की आपण मिक्स्ड मोडमध्येच आहोत.

पहिल्या बूटला ग्रब आला, चार ओळी सरकल्या आणि पडदा काळा. लॉगिन झालं होतं, फक्त दिसत नव्हतं. टॉर्च तिरका धरून पाहिलं तर अक्षरं होती, बॅकलाइट बंद होता. बे ट्रेलमध्ये बॅकलाइट पीडब्ल्यूएम (उजेड कमी-जास्त करणाऱ्या) नियंत्रकाकडून चालतो आणि ग्राफिक्सचा आय९१५ ड्रायव्हर त्याच्या आधी जागा झाला की पीडब्ल्यूएम सापडत नाही. लॉगमध्ये तशी तक्रार असते. /ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/मॉड्यूल्स या फाइलीत ‘पीडब्ल्यूएम-एलपीएसएस’ आणि ‘पीडब्ल्यूएम-एलपीएसएस-प्लॅटफॉर्म’ अशा दोन ओळी घातल्या, अपडेट-इनिटरॅमएफएस चालवलं आणि उजेड पडला. हे करायला पडदा दिसायला हवा, म्हणून तेवढ्या बूटपुरतं ग्रबमध्ये ‘ई’ दाबून लिनक्सच्या ओळीत नोमोडसेट लिहिलं. ते कायमचं ठेवू नये. नोमोडसेटने ग्राफिक्सचा ड्रायव्हरच बंद पडतो आणि साधं पान वर-खाली करतानाही प्रोसेसर धापा टाकतो.

यानंतरचा आजार या प्रोसेसरचा सगळ्यात बदनाम: अचानक गोठणं. व्हिडिओ चालू असताना चित्र थिजतं, आवाजाचा एक तुकडा घासलेल्या रेकॉर्डसारखा फिरत राहतो किंवा एकदम शांतता, कॅप्स लॉकचा दिवाही लागत नाही. पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवणं एवढंच हातात. पुन्हा चालू करून ‘जर्नलसीटीएल -बी -१’ (मागच्या बूटचा लॉग) पाहिलं तर शेवटच्या ओळीत काहीच विशेष नाही, अर्ध्या वाक्यात माणूस उठून गेल्यासारखा लॉग तुटलेला. हा न-पुरावाच खरा पुरावा. रॅम खराब असेल, गरम होत असेल तर सहसा काहीतरी मागे राहतं.

कर्नलच्या बगझिलात हा दोष १०९०५१ क्रमांकाने डिसेंबर २०१५ पासून नोंदलेला आहे. कोअर खोल झोपेत, म्हणजे सी६ अवस्थेत, जाताना-येताना घोळ होतो हे त्याचं मूळ. त्याचबरोबर आणखी एक कारण होतं: वीज-नियंत्रक चिपशी बोलायचा आय-टू-सी मार्ग प्रोसेसर आणि त्याचं अंतर्गत पी-युनिट दोघे वापरतात आणि त्यांची धक्काबुक्की व्हायची. रेड हॅटमध्ये असताना हान्स द खूदे या डेव्हलपरने बे ट्रेलवर केलेल्या दुरुस्त्यांमुळे हे बरंच निवळलं. ६.१ कर्नलवर पुष्कळ यंत्रं काहीही न करता नीट चालतात. म्हणून आधीपासून उपाय घालू नये. दोन-तीन तास वायफायवरून व्हिडिओ लावून पाहावा, गोठलं तरच पुढे जावं.

इथे गोठलं. सर्वत्र सांगितला जाणारा उपाय म्हणजे /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब मध्ये कर्नलच्या ओळीत ‘इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१’ लिहून अपडेट-ग्रब चालवायचं. गोठणं थांबतं, खात्रीने थांबतं. पण कोअर कधी झोपतच नाहीत, मागचं झाकण हाताला कोमट लागायला लागतं आणि बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. निदान पक्कं करायला हा उपाय उत्तम, कायमचा ठेवायला नाही.

त्याऐवजी फक्त सी६ बंद केली. बे ट्रेलवर इंटेल_आयडलच्या अवस्था सी१, सी६एन, सी६एस, सी७ आणि सी७एस अशा असतात. /सिस/डिव्हाइसेस/सिस्टम/सीपीयू मध्ये प्रत्येक सीपीयूच्या सीपीयूआयडल फोल्डरात स्टेट०, स्टेट१ अशी उपफोल्डरं दिसतात, त्यांतल्या ‘नेम’ फाइलीत अवस्थेचं नाव आणि ‘डिसेबल’ फाइलीत ० किंवा १. चारही सीपीयूंसाठी ज्या स्टेटचं नाव सी६ ने सुरू होतं त्याच्या डिसेबलमध्ये १ लिहायचा, सी७ ला हात लावायचा नाही. क्रमांकावर विसंबू नये, नाव वाचूनच लिहावं, कारण पोल नावाची एक अवस्था सुरुवातीला असते आणि मोजणी एकाने सरकते. हे बूटनंतर पुसलं जातं, म्हणून पाच ओळींची स्क्रिप्ट करून सिस्टमडीच्या वनशॉट (बूटला एकदाच चालणाऱ्या) सेवेत घातली. कोअर सी७ मध्ये झोपतात, बॅटरी पूर्वीसारखी, गोठणं बंद.

वायफायसाठी आर८७२३बीएस हा ड्रायव्हर कर्नलमध्ये ४.१२ पासून (जुलै २०१७) आहे, तोही ‘स्टेजिंग’ या कच्च्या मालाच्या खोलीत. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) पहिलीच ओळ येते की हे मॉड्यूल स्टेजिंगमधलं आहे, दर्जा अज्ञात आहे, तुम्हाला बजावलं आहे. इतका प्रामाणिक ड्रायव्हर विरळा. त्याखाली आरटीएलवायफाय फोल्डरातली ‘आरटीएल८७२३बीएस_एनआयसी.बिन’ उघडता आली नाही, -२, असं दिसलं तर घोटाळा फक्त फाइल नसण्याचा आहे. -२ म्हणजे ‘अशी फाइल नाही’. फर्मवेअर-रिअलटेक पॅकेज बसवून रीबूट केलं की नेटवर्क दिसू लागतात.

दिसतात, जोडतात आणि पाच-दहा मिनिटांनी गळतात. सिग्नलच्या रेघा भरलेल्या, पण पिंगचं उत्तर नाही. वीज वाचवण्यासाठी ड्रायव्हर कार्डाला झोपवतो आणि ते वेळेवर उठत नाही. दोन ठिकाणी बंद करावं लागतं, एकाच ठिकाणी करून भागत नाही. /ईटीसी/मॉडप्रोब.डी मध्ये एक फाइल करून ‘ऑप्शन्स आर८७२३बीएस आरटीडब्ल्यू_पॉवर_एमजीएनटी=० आरटीडब्ल्यू_आयपीएस_मोड=०’ आणि नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फ.डी मध्ये कनेक्शन विभागात ‘वायफाय.पॉवरसेव्ह=२’. इथे २ म्हणजे बंद, चालू नव्हे. पर्यायांची नावं आधी मॉडइन्फोने तपासून घ्यावीत. चुकीचं स्पेलिंग लिहिलं तर कर्नल लॉगमध्ये ‘अनोळखी पर्याय, दुर्लक्ष केलं’ असं पुटपुटून पुढे जातो आणि आपण समजतो उपाय लागू पडला नाही. नेटवर्क शोधताना बनावट मॅक पत्ता वापरण्याची नेटवर्कमॅनेजरची सवयही या कार्डाला झेपत नाही. डिव्हाइस विभागात ‘वायफाय.स्कॅन-रँड-मॅक-अ‍ॅड्रेस=नो’.

आणि हे कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झचं आहे. घरातल्या रूटरवर फक्त ५ गिगाहर्ट्झ चालू ठेवलं असेल तर कितीही डोकं आपटलं तरी नाव दिसणार नाही.

ब्लूटूथ त्याच चिपमध्ये असलं तरी वेगळ्या मार्गावर आहे, त्यामुळे एक चाललं म्हणजे दुसरं चालेलच असं नाही. त्याला आरटीएल_बीटी फोल्डरातल्या दोन फाइली लागतात, फर्मवेअरची आणि कॉन्फिगची. कॉन्फिगच्या नावात शेवटी ओबीडीए८७२३ असं येतं. पहिलं अक्षर ‘ओ’ आहे, शून्य नव्हे. हाताने फाइल आणून ठेवणाऱ्यांचा तास इथे जातो. अँटेना दोघांत एकच, म्हणून मोठं डाउनलोड चालू असताना ब्लूटूथ हेडफोन अडखळणारच. त्यावर उपाय नाही, तारेचे हेडफोन लावावेत.

साउंडला सुरुवातीला नुसतं ‘डमी आउटपुट’, म्हणजे खरं साउंड कार्ड सापडलेलंच नाही. इथे नेहमीचा एचडी ऑडिओ नाही, इंटेलचा एसएसटी डीएसपी आहे. तीन गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात: डीएसपीचं फर्मवेअर, आरटी५६४० चिपचा ड्रायव्हर आणि कोणता आवाज कोणत्या तारेने जातो हे सांगणाऱ्या यूसीएम फाइली. फर्मवेअर ‘एफडब्ल्यू_एसएसटी_०एफ२८.बिन’ हे फर्मवेअर-इंटेल-साउंड पॅकेजात आहे, यूसीएम फाइली अल्सा-यूसीएम-कॉन्फमध्ये. दोन्ही बसवून रीबूट केल्यावर ‘एप्ले -एल’ मध्ये बीवायटीसीआर-आरटी५६४० हे कार्ड आलं. काही यंत्रांवर नाव ‘एसओएफ-बीवायटीसीएचटी’ ने सुरू होतं, म्हणजे नवा एसओएफ ड्रायव्हर चढला आहे. तो नीट चालत नसेल तर मॉडप्रोबच्या फाइलीत एसएनडी_इंटेल_डीएसपीसीएफजी साठी ‘डीएसपी_ड्रायव्हर=२’ लिहिलं की जुना एसएसटी परत येतो.

कार्ड आलं, पण आवाज एकाच कानातून. स्पीकर एकच असलेल्या बोर्डांवर ड्रायव्हरला ‘मोनो स्पीकर’ असं सांगावं लागतं. कर्नलमध्ये माहितीच्या यंत्रांची यादी असते, आपलं त्यात नसेल तर एसएनडी_एसओसी_एसएसटी_बीवायटीसीआर_आरटी५६४० या मॉड्यूलला क्वर्क (त्या यंत्रापुरती वेगळी सूचना) पर्याय द्यायचा. लॉगमध्ये सध्या कोणते क्वर्क लागू आहेत ते छापलेलं असतं, तिथून सुरुवात करावी. एक मात्र करू नये: अल्सामिक्सर उघडून दिसेल ती पट्टी शंभरावर नेणं. इथे पन्नासेक पट्ट्या असतात, त्यांतल्या काही थेट अ‍ॅम्प्लिफायरच्या आहेत आणि नाण्याएवढा स्पीकर जळायला वेळ लागत नाही.

बॅटरीची टक्केवारी दिसत नसेल तर एएक्सपी२८८ या वीज-नियंत्रक चिपचं मॉड्यूल, एएक्सपी२८८_फ्यूएल_गेज, चढलंय का ते पाहावं. इथे आपोआप चढलं. कॅमेरा आतून यूएसबीवर होता म्हणून पहिल्यापासून चालला. टॅबलेटसारखा एमआयपीआय या वेगळ्या मार्गावर असता तर तो विषय सोडून दिला असता.

रॅमसाठी झेडरॅम-टूल्स. /ईटीसी/डीफॉल्ट/झेडरॅमस्वॅप मध्ये अल्गो=झेडएसटीडी, पर्सेंट=६०. रॅमचाच एक हिस्सा दाबून स्वॅप म्हणून वापरला जातो, ईएमएमसीवर लिहिणं होत नाही. फायरफॉक्समध्ये चार-पाच टॅब निभावतात. व्हिडिओचं गणित वेगळं: या ग्राफिक्सला एच.२६४ हार्डवेअरमध्ये उलगडता येतं, व्हीपी९ आणि एव्ही१ नाही, आणि यूट्यूब तेच पाठवतं. आय९६५-व्हीए-ड्रायव्हर बसवून ब्राउझरला एच.२६४ च मागायला लावणारं एक्स्टेन्शन घातलं की ७२०पी सुरळीत चालतं. त्याशिवाय चारही कोअर शंभर टक्क्यांवर.

झोपवण्याच्या बाबतीत अपेक्षा ठेवू नये. /सिस/पॉवर/मेम_स्लीप वाचलं की फक्त एस२आयडल, म्हणजे उथळ झोप, दिसतं. जुनी खोल झोप या बोर्डाला ठाऊकच नाही. झाकण मिटून रात्रभर ठेवलं की सकाळी बॅटरी तळाला. लॉगिनडी.कॉन्फ मध्ये ‘हँडललिडस्विच=पॉवरऑफ’ करून टाकलं.

आणि बॅटरी अशी पूर्ण तळाला गेली की दुसरं लचांड निघतं. या बोर्डावर घड्याळासाठी वेगळा बटण सेल नाही. चार्जर लावून चालू केलं की तारीख काही वर्षं मागे गेलेली असते, वेबसाइट प्रमाणपत्राची चूक दाखवतात आणि एपीटी (पॅकेजं बसवणारी कमांड) म्हणतं रिलीज फाइल ‘अजून वैध झालेली नाही’. रिपॉझिटरी बदलत बसू नये. डेट कमांडने तारीख पाहावी, नेट जोडून सिस्टमडी-टाइमसिंकडीला मिनिटभर द्यावं आणि मग एपीटी अपडेट पुन्हा चालवावं.